ओढ कमी पडणाऱ्या यंत्राचा ताळेबंद

दिवाळी जवळ आली की पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरातील व्यापारी कुटुंबांत दोन कामे एकाच वेळी सुरू होतात. एकीकडे वर्षाच्या वह्या पुऱ्या करायच्या असतात, तर दुसरीकडे दुकानातील आणि घरातील वर्षभराची धूळ काढायची असते. कापडाच्या दुकानात तंतू साचतात, किराणा दुकानात पीठ आणि मसाल्याची पूड सांडते, आणि औद्योगिक क्षेत्राकडे जाणाऱ्या अवजड वाहनांची धूळ रस्त्याकडेच्या प्रत्येक खिडकीतून आत येते. या कामासाठी अलीकडे घरोघरी एक छोटे यंत्र दिसू लागले आहे. ते हातात मावते, चार्ज करून वापरता येते आणि त्याला वायर ओढत न्यावी लागत नाही. हाच कॉर्डलेस हँड व्हॅक्यूम क्लीनर.

पहिले काही आठवडे या यंत्राचे कौतुक होते. पुढे तक्रार सुरू होते, “याला ओढच नाही.” सांडलेला रवा तो अर्धाच उचलतो, गाडीच्या सीटवरील केस तसेच राहतात आणि दोन-चार महिन्यांत यंत्र माळ्यावर जाते. दुसरे मागवले जाते व तेही त्याच वाटेने जाते. काही घरांत मात्र एखादा जिज्ञासू मुलगा किंवा मुलगी यंत्र खोलून बसते आणि मोठी बॅटरी बसवून त्याची शक्ती वाढवण्याचा बेत करते. खोलून पाहण्याची ही वृत्ती स्वागतार्ह आहे. पण मोठ्या बॅटरीने सुरुवात करणे हे उलट्या टोकाने हिशेब तपासण्यासारखे आहे. अशा यंत्राची ओढ बहुधा आधी हवेच्या वाटेत हरवते, विजेच्या वाटेत नंतर. हवेची वाट दुरुस्त करायला फारसे पैसे लागत नाहीत. विजेच्या वाटेत घाई केली तर मात्र भरलेल्या दुकानाला आग लागण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

ओढ म्हणजे नेमके काय

धूळ ओढून घेणारे यंत्र ही कल्पना सव्वाशे वर्षांची आहे. ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने १९०१ साली लंडनमध्ये असे यंत्र सिद्ध केले. ते इतके मोठे होते की घोडागाडीवरून घरासमोर आणावे लागे आणि लांब नळ्या खिडक्यांतून आत सोडाव्या लागत. हातात मावणारे आणि चार्ज होणारे यंत्र लोकप्रिय झाले ते १९७९ साली अमेरिकेत आलेल्या ‘डस्टबस्टर’मुळे. आजच्या छोट्या यंत्रांत लिथियम-आयन सेल असतात. हे सेल १९९१ साली प्रथम व्यापारी स्वरूपात बाजारात आले आणि या शोधासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघा शास्त्रज्ञांना विभागून मिळाले.

आकार लहान झाला, तरी तत्त्व तेच राहिले. मोटरवर बसवलेले पंख्याचे चाक प्रचंड वेगाने फिरते आणि आतील हवा मागच्या झरोक्यांतून बाहेर फेकते. आत हवेचा दाब कमी होतो, म्हणून बाहेरची हवा तोंडातून आत धावते आणि धूळही घेऊन येते. म्हणजे यंत्राचे बळ दोन गोष्टींवर ठरते. एक म्हणजे आत निर्माण होणारा दाबाचा फरक, आणि दुसरी म्हणजे प्रत्यक्ष वाहणारी हवा. खोक्यावर बहुधा पहिलाच आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, उदाहरणार्थ ९,००० पास्कल. वातावरणाचा दाब सुमारे १,०१,००० पास्कल असतो, म्हणजे हा फरक त्याच्या ९ टक्क्यांच्या आसपास झाला. तो मोजला जातो यंत्राचे तोंड पूर्ण बंद करून, हवा अजिबात वाहत नसताना. धूळ उचलते ती वाहणारी हवा. आणि तिच्या वाटेत गाळणी, अरुंद नळी, फट किंवा केसांचा गुंता आला की खोक्यावरचा आकडा खोक्यावरच राहतो.

खोक्यावरचा आणखी एक आकडा व्यापाऱ्याच्या नजरेने तपासण्यासारखा असतो. समजा, यंत्रावर १२० वॉट लिहिले आहे आणि आत ३.७ व्होल्ट व २,००० मिलिअँपिअर-तासांचे दोन सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. एकूण दाब ७.४ व्होल्ट झाला आणि साठा १४.८ वॉट-तासांचा. १२० वॉट खर्च करायचे तर सेलमधून १६ अँपिअरहून अधिक प्रवाह निघायला हवा आणि साठा साडेसात मिनिटांच्या आत संपायला हवा. तेच यंत्र वीस मिनिटे चालत असेल, तर सरासरी खर्च ४५ वॉटच्याही खाली आहे. दोन्ही दावे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. जमा आणि खर्च जुळत नाहीत, हे कळायला अभियंता असण्याची गरज नाही.

निदान कानाने होते

यंत्र खोलण्यापूर्वी ते ऐकावे. पूर्ण चार्ज करून, गाळणी व धूळपेटी जागेवर बसवून यंत्र सुरू करावे आणि दोन सेकंदांसाठी तळहाताने तोंड झाकावे. हवा थांबली की पंख्यावरचा भार कमी होतो, मोटर अधिक वेगाने फिरते आणि आवाज चिरका होतो. हा बदल स्पष्ट ऐकू आला, तर पंखा व जोड ठीक आहेत असे समजावे. तोंड झाकूनही आवाजात फरक पडला नाही, तर हवा दुसऱ्या कुठल्या तरी फटीतून आत शिरत आहे किंवा पंख्याचे चाक दांड्यावर सैल झाले आहे. याउलट, तोंड उघडे असतानाच आवाज चिरका असेल, तर वाटेत अडथळा आहे. तो बहुधा गाळणीतच असतो. आवाज जड असेल आणि क्षणाक्षणाला खाली उतरत असेल, तर बॅटरीकडे किंवा मोटरच्या घर्षणाकडे पाहावे. सुरू होऊन काही सेकंदांतच यंत्र बंद पडत असेल, तर सेल क्षीण झाल्याने संरक्षक सर्किट वीज तोडत असण्याचा संभव असतो. तोंड अधिक वेळ झाकून ठेवू नये, कारण मोटरला थंड ठेवणारी हवाही तीच असते.

मग गाळणी काढून क्षणभर यंत्र चालवून पाहावे. समोर धूळ नसावी. ओढ एकदम वाढली तर दोष गाळणीचा आहे, आणि निम्म्याहून अधिक वेळा शोध इथेच संपतो. घडीची गाळणी वरून स्वच्छ दिसते, पण पिठासारखी बारीक धूळ तिच्या घड्यांत घट्ट बसलेली असते. धुता येण्याजोगी गाळणी साध्या पाण्याने आतून बाहेर अशा दिशेने धुवावी व पूर्ण एक दिवस सावलीत वाळवावी. पालघरच्या पावसाळ्यात एक दिवस पुरत नाही; दोन किंवा तीनही लागतात. ओली गाळणी बसवली तर धुळीचा चिखल होतो आणि ओलावा मोटरपर्यंत जातो. म्हणून गाळणीचे दोन संच ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल आहे. गाळणीवर जुन्या नायलॉनच्या मोज्याचा पातळ तुकडा ताणून बसवला, तर केस व तंतू त्यावरच अडतात आणि तो तुकडा रोज झटकता येतो.

खोलताना आणि जोडताना

गॅरंटीची मुदत शिल्लक असेल तर यंत्र खोलू नये, तक्रार नोंदवावी. मुदत संपलेली असेल तर आधी यंत्र बंद करून चार्जर काढावा. स्क्रू बहुधा स्टिकरखाली किंवा रबरी बुचाखाली लपलेले असतात. ते निघाल्यावरही दोन्ही अर्धे सुटले नाहीत, तर बाजूने प्लॅस्टिकचे खटके आहेत असे समजून पातळ, बोथट पट्टीने हळूहळू मोकळे करावेत. प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो घ्यावा आणि स्क्रू निघतील त्या क्रमाने वाटीत ठेवावेत.

आत पाहिल्यावर तीन जागा तपासाव्यात. पहिली म्हणजे धूळपेटी आणि मोटर यांच्यामधला जोड. येथे रबराची किंवा फोमची पट्टी असायला हवी. स्वस्त यंत्रांत ती कधी नसतेच, कधी आखडलेली असते. खिडक्यांना लावतात ती स्वतः चिकटणारी पातळ फोमची पट्टी येथे नीट बसते. मात्र ती इतकी जाड नसावी की झाकणाचा खटकाच लागणार नाही. दुसरी जागा म्हणजे मोटरभोवतीचा कप्पा. पंख्याने बाहेर फेकलेली हवा फटीतून पुन्हा पंख्याच्या तोंडाशी येत असेल, तर यंत्र तीच हवा फिरवत राहते आणि कष्ट फुकट जातात. ही फट फोमने किंवा थोड्या सिलिकॉनने बंद करावी. सिलिकॉन पूर्ण सुकल्याशिवाय यंत्र जोडू नये. तिसरी जागा म्हणजे हवेची वाट. साच्यातून निघालेल्या प्लॅस्टिकच्या तीक्ष्ण कडा तोंडाच्या नळीत राहिलेल्या असतात. त्या पॉलिश पेपरने गुळगुळीत केल्या की हवेचा अडथळा कमी होतो आणि तिथे केस अडकत नाहीत. पंख्याच्या दांड्याभोवती गुंडाळलेले केस चिमट्याने काढावेत. पंख्याचे चाक मात्र घासू किंवा कापू नये, कारण त्याचा तोल थोडा जरी बिघडला तरी यंत्र थरथरू लागते.

जोडणी झाल्यावर फरक मोजावा. ‘बरे वाटते’ हा हिशेब नव्हे. स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ५० ग्रॅम कोरडी बारीक वाळू घ्यावी, फरशीवर ठरावीक जागेत पसरावी आणि दहा सेकंद यंत्र चालवून किती ग्रॅम वाळू मागे राहिली ते पाहावे. हीच चाचणी दुरुस्तीआधी व दुरुस्तीनंतर, दोन्ही वेळा पूर्ण चार्जवर केली, तर खर्च सार्थकी लागला की नाही ते आकड्यांत दिसते.

विजेची वाट

एवढे करूनही ओढ कमीच असेल, तर विजेकडे वळावे. काही शे रुपयांचा मल्टिमीटर येथे पुरतो. दोन सेलच्या यंत्रात पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४ व्होल्ट दिसायला हवेत. यंत्र चालू असताना बॅटरीच्या टोकांशी आणि मोटरच्या टोकांशी वेगवेगळे मोजावे. दोहोंत अर्ध्या व्होल्टचा फरक असेल, तर तेवढी वीज बारीक तारांत, काळवंडलेल्या स्विचमध्ये किंवा कच्च्या सोल्डरिंगमध्ये उष्णता होऊन वाया जात आहे. अर्धा व्होल्ट क्षुल्लक वाटतो, पण ७.४ मध्ये तो जवळजवळ ७ टक्के झाला. मोटरचा वेग साधारण तितकाच घटतो, आणि पंख्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने ओढ सुमारे १३ टक्क्यांनी उतरते. थोडी जाड तार व चांगला स्विच एवढ्याने ती परत मिळते. केळवे-सातपाटीपासून तारापूर-चिंचणीपर्यंतच्या किनारपट्टीवर खाऱ्या हवेने संपर्काच्या पट्ट्या लवकर गंजतात, म्हणून तिथल्या घरांत ही तपासणी आधी करावी.

बॅटरीच्या टोकांशीच दाब कोसळत असेल, तर सेल संपले आहेत. ते बदलता येतात, पण त्यांच्याच जातीचे, त्याच संख्येचे आणि जास्त प्रवाह देणारे नवे सेल घ्यावेत. यंत्रात बहुधा ‘१८६५०’ मापाचे सेल असतात. या आकड्याचा अर्थ १८ मिलिमीटर व्यास व ६५ मिलिमीटर लांबी असा आहे. या मापाच्या उत्तम सेलचीही क्षमता ३,५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासच असते. ज्या सेलवर ९,००० छापलेले असेल, तो घेऊ नये. त्याच्या इतर आकड्यांवरही विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही. भारतीय मानक आयएस १६०४६ ची नोंद असलेला माल पाहावा. सेलवर थेट सोल्डरिंग करू नये, कारण त्या उष्णतेने सेल आतून दुखावतो. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने जोडणाऱ्या कारागिराकडून ते काम करून घ्यावे.

आता त्या तिसऱ्या सेलचा मोह. दोनाच्या जागी तीन सेल एकापुढे एक जोडले की ७.४ चे ११.१ व्होल्ट होतात आणि यंत्र पहिल्या मिनिटाला गर्जना करते. वेग दीडपट झाला, असे धरले तर पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळपास ३.४ पट. पंख्याच्या पात्यांवरचा ताण सव्वादोन पट होतो. मूळ मोटर, तारा, स्विच व प्लॅस्टिक यांपैकी कशाचीही रचना यासाठी झालेली नसते. शिवाय जुना चार्जर व जुने संरक्षक सर्किट दोनच सेलचा हिशेब जाणतात. अशा वेळी संरक्षक सर्किट ‘मध्येच तोडते’ म्हणून वगळले जाते, आणि खरा धोका तिथे सुरू होतो. अतिभारित वा दुखावलेला लिथियम सेल आतल्या आत तापत जातो आणि पेट घेतो. ती आग विझल्यासारखी वाटून पुन्हा भडकू शकते. रात्रभर चार्जिंगला लावलेले असे यंत्र आणि शेजारी कापडाच्या ताग्यांची मांडणी, ही जोडी कोणत्याही विमापत्राने भरून निघणारी नाही. दुरुस्त केलेले यंत्र फरशीवर, डोळ्यांसमोर आणि दिवसाच चार्ज करावे.

कोणती धूळ या यंत्राची नव्हे

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक क्षेत्रात अनेक समाजबांधवांचे कारखाने आहेत. तेथील कार्यालयाचे टेबल झाडायला हे यंत्र चालेल. उत्पादन-विभागातील धूळ उचलायला कधीही चालणार नाही. साध्या मोटरमध्ये कार्बन ब्रशजवळ सतत बारीक ठिणग्या उडत असतात. हवेत तरंगणारी ज्वलनशील पूड, विद्रावकाची वाफ किंवा धातूची भुकटी आणि ठिणगी यांचा योग आला की काय होते, हे या परिसराला वेगळे सांगावे लागत नाही. औषधी व रंगद्रव्याची पूड तर गाळणीतून निसटून पुन्हा श्वासात येते. दुकानातही उदबत्तीची गरम राख, ओले पीठ व पाणी यांपासून यंत्र दूर ठेवावे.

जैन घरात आणखी एक विचार आपोआप येतो. यंत्राला धूळ आणि मुंगी यांतला फरक कळत नाही. ओढ वाढवली की हा प्रश्न अधिकच गंभीर होतो. म्हणून जयणेने काम करायचे तर आधी कोपरा नीट पाहावा, मऊ पुंजणीने जीवांना हळुवार बाजूला होऊ द्यावे आणि मगच निर्जीव जागी यंत्र फिरवावे. धान्याच्या कोठीजवळ व मुंग्यांच्या वाटेवर ते न वापरणेच इष्ट.

शेवटी जमा-खर्च

समजा, यंत्र १,८०० रुपयांचे आहे. एका वर्षात टाकून दिले तर वर्षाचा खर्च १,८०० रुपये. गाळणी, फोम, तार व आवश्यक तर सेल यांवर ३५० ते ६०० रुपये खर्चून ते आणखी दोन वर्षे चालले, तर वर्षाचा खर्च ७१७ ते ८०० रुपयांवर येतो. दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्याहून अधिक होत असेल किंवा मोटरच जळाली असेल, तर मात्र थांबावे. बुडीत कर्जात आणखी भांडवल घालू नये, हा नियम यंत्रालाही लागू आहे.

टाकताना ते घरच्या कचऱ्यात जाता कामा नये. कचऱ्याच्या गाडीत दाबला गेलेला सेल पेट घेऊ शकतो. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ साली अधिसूचित झाले आणि ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. दोहोंत उत्पादकावर जबाबदारी टाकली आहे, म्हणून जुने यंत्र अधिकृत संकलकाकडेच द्यावे. सुट्या भागांची व दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी, यासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केले. खोट्या आकड्यांबद्दल तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. खरेदीची पावती मात्र जपून ठेवलेली असावी.

दुरुस्ती हे या भूमीला परके कौशल्य नाही. चिंचणी-वरोरच्या पट्ट्यात दागिन्यांचे डाय घडवणारे हात आहेत, बोईसरच्या कारखान्यांत देखभाल-विभागात आयुष्य घालवलेले तंत्रज्ञ आहेत. घरातील मुलाला यंत्र खोलायचे असेल, तर अशा जाणत्या माणसाजवळ बसून खोलू द्यावे. त्यातून तो बॅटरी मोठी करण्यापेक्षा मोठी गोष्ट शिकेल: आधी गळती शोधावी, मग अडथळा काढावा, आणि भांडवल सर्वांत शेवटी वाढवावे. एवढे करूनही जे यंत्र मुळातच लहान आहे, ते लहानच राहील. त्याला सतरंजीचे काम सांगू नये. टेबलाचा खण, शिलाई यंत्राखालचे तंतू, गाडीची सीट आणि गल्ल्याच्या कोपऱ्यातील धूळ एवढे काम सांगावे. कुवतीप्रमाणे काम दिले तर ते वर्षानुवर्षे इमानाने चालते.